फुटेजमध्ये दिसला म्हणून हात तोडतात का? इस्लामी फौजदारी कायद्यात कॅमेऱ्याच्या पुराव्याचं वजन किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुतण्या सौदीत दम्मामला एका दुकानात कामाला आहे. गल्ल्याची आणि मागच्या कोठाराची किल्ली त्याच्याकडेच असते. रोकड कमी भरली, मालकाने पोलिसांना सीसीटीव्हीचं फुटेज दिलं आणि त्यात तो रात्री कोठारात शिरताना दिसतो. गावाकडे सगळ्यांनी धास्ती घेतली आहे की फुटेज आहे म्हणजे आता हात तोडणार. ओळखीतला एक जण सांगतो की शरियतमध्ये साक्षीदाराशिवाय शिक्षाच नाही. दुसरा सांगतो की तिथे कॅमेऱ्यात सापडलास की संपलास. खरं काय?

दोघंही अर्धं बरोबर सांगत आहेत. निव्वळ फुटेजवर हात तोडण्याची शिक्षा बसत नाही. पण फुटेजवर तुरुंगवास होऊ शकतो, आणि तो थोडाथोडका नसतो. खरा धोका मात्र या दोहोंपेक्षा वेगळा आहे. फुटेज समोर ठेवून आरोपीकडून जी कबुली घेतली जाते, तिच्यात तो आहे. आखाती देशांतली अशी प्रकरणं बघताना मला दरवेळी हेच जाणवतं की घरच्यांचं सगळं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं आणि तोवर मुलाने न कळणाऱ्या अरबी कागदावर सही करून टाकलेली असते. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितोय. तुमच्या उपयोगाचं काय ते शेवटी आहे, पण आधीचं वाचल्याशिवाय ते नीट कळणार नाही.

इस्लामी फौजदारी कायद्यात शिक्षांचे तीन वर्ग आहेत. हद्द म्हणजे कुरआन आणि हदीसने (प्रेषितांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींनी) ठरवून दिलेल्या शिक्षा: चोरी, वाटमारी, व्यभिचार, व्यभिचाराचा खोटा आळ, मद्यपान. किसास म्हणजे खून आणि जखमांच्या बाबतीत जीवाला जीव. इथे माफ करण्याचा किंवा दिया, म्हणजे रक्ताची भरपाई, घेण्याचा हक्क वारसांचा असतो. आणि उरलेलं सगळं ताजीर, म्हणजे न्यायाधीशाच्या विवेकावर किंवा आजकाल सरकारी कायद्यावर सोडलेली शिक्षा. पुराव्याची पातळी या तिन्हींत एक नाही. हद्दीसाठी ठरलेल्या संख्येचे, डोळ्यांनी पाहिलेले, चारित्र्य तपासलेले साक्षीदार लागतात, नाहीतर आरोपीची स्वतःची कबुली. चोरीला दोन, व्यभिचाराला चार. ताजीरला असं बंधन नाही. तिथे परिस्थितीजन्य खूण, ज्याला फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रात, करीना म्हणतात, तीही चालते. कॅमेऱ्याचं फुटेज हा करीना आहे, भक्कम असला तरी करीनाच, असं आजचे बहुसंख्य फकीह, म्हणजे फिक्हचे जाणकार, मानतात. याच धर्तीचा निर्णय मक्केच्या मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिक्ह परिषदेने जानेवारी 2002 मध्ये डीएनएबद्दल दिला होता: तपासात वापरा, ज्या गुन्ह्यांना हद्द किंवा किसास नाही तिथे पुरावा म्हणूनही धरा, पण हद्द आणि किसासमध्ये नको. कारण म्हणून त्यांनी तो प्रसिद्ध नियम सांगितला की शंका असेल तर हद्द टाळा.

आता तुमच्या पुतण्याची गोष्ट. ज्याच्या हातात मालकाने स्वतः किल्ली दिली आहे, त्याने माल किंवा पैसा उचलला तर फिक्हच्या व्याख्येत ती हद्दीची चोरी होतच नाही. हद्दीच्या चोरीसाठी माल ‘हिर्झ’मध्ये, म्हणजे योग्य बंदोबस्तात असावा लागतो आणि तो बंदोबस्त मोडून, लपूनछपून नेलेला असावा लागतो. किल्लीवाल्या नोकरासाठी तो बंदोबस्तच उरत नाही. हदीसमध्ये स्पष्ट आहे की खियानत, म्हणजे विश्वासघात, करणाऱ्याला, उघडपणे लुबाडणाऱ्याला आणि हिसकावून पळणाऱ्याला हात तोडण्याची शिक्षा नाही. त्यामुळे फुटेज कितीही स्वच्छ असो, त्यात दिसतं ते किल्लीने दार उघडून आत जाणं, आणि किल्ली हाच हद्दीतून सुटण्याचा मुद्दा आहे. शिवाय फुटेजमधून रक्कम कळत नाही. हद्दीला किमान किमतीची अट आहे: बहुतेक मजहबांत (फिक्हच्या परंपरांत) पाव दिनार, म्हणजे जेमतेम ग्रॅमभर सोनं, तर हनफी मजहबात दहा दिरहम चांदी. खिशात जाताना दिसणारी नोटांची गड्डी पन्नासच्या नोटांची की पाचशेच्या, हे छताला लावलेला कॅमेरा सांगू शकत नाही.

पण म्हणून निर्धास्त राहू नका. सौदीने 2021 मध्ये आर्थिक फसवणूक आणि विश्वासघाताविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्यात सोपवलेला पैसा किंवा माल बळकावण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि तीस लाख रियालपर्यंत दंड आहे. ही ताजीर आहे आणि इथे फुटेज पूर्ण ताकदीने चालतं. एप्रिल 2020 मध्ये सौदीच्या सर्वोच्च न्यायालयाने ताजीरमधली फटक्यांची शिक्षा बंद करून तिच्या जागी दंड किंवा कैद ठेवायला सांगितलं, त्यामुळे फटक्यांची जुनी भीतीही या प्रकारच्या प्रकरणात धरायचं कारण नाही. तुमची खरी लढाई आहे ती कैदेची मुदत, रक्कम आणि समझोता यांवर.

आता कबुलीबद्दल. चौकशीत फुटेज दाखवलं जातं, ‘हा तूच ना?’ असं विचारलं जातं आणि पोरगा ‘हो’ म्हणतो. ‘कोठारात गेलो होतो’ आणि ‘पैसे घेतले’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत, पण मोडक्यातोडक्या अरबीत, दुभाषा नसताना, रात्रीच्या जागरणानंतर ती एक होऊन कागदावर उतरतात. फुटेज एकटं असतं तर त्याने ताजीरच्या पलीकडे मजल मारली नसती. कबुली मात्र हद्दीचाही पुरावा आहे. म्हणजे कॅमेरा जे दार उघडू शकत नाही, ते कबुली उघडते. म्हणूनच फिक्हमध्ये कबुलीभोवती इतक्या अटी आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे एका माणसाने चोरी कबूल केली, त्याच्याजवळ माल काहीच सापडला नव्हता. प्रेषितांनी त्याला पुन्हा पुन्हा म्हटलं की तू चोरी केली असशील असं मला वाटत नाही. माइज नावाच्या माणसाने व्यभिचार कबूल केला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं, एकदा नव्हे, वारंवार, आणि मग विचारलं की नुसतं चुंबन घेतलं असशील, नुसता स्पर्श केला असशील? शिक्षा सुरू झाल्यावर तो पळू लागला आणि लोकांनी त्याला गाठून मारलं, हे कळल्यावर ते म्हणाले की त्याला सोडून का दिलं नाहीत. यावरून बहुसंख्य फकीहांनी नियम काढला की हद्दीतली कबुली शिक्षा पुरी होईपर्यंत कधीही मागे घेता येते आणि मागे घेतली की हद्द रद्द होते. पैशाची परतफेड मात्र टळत नाही. तो माणसाचा हक्क आहे.

तेव्हा पुतण्याने कबुली दिली असेल आणि ती खरी नसेल किंवा त्याला न कळता घेतली असेल, तर वकिलाच्या मदतीने पहिल्याच संधीला न्यायाधीशासमोर ती स्पष्ट शब्दांत मागे घ्यायला हवी. ‘मग बघू’ म्हणून थांबू नका. आखातातल्या न्यायालयांत पोलिसांपुढच्या कबुलीवर न्यायाधीशासमोर शिक्कामोर्तब करून घेण्याची रीत आहे. ते एकदा झालं की ताजीरमध्ये तरी तिचं ओझं उतरवणं फार अवघड जातं.

‘डोळ्यांनी दिसतंय तरी मान्य नाही, हा कसला न्याय?’ असंही तुम्ही लिहिलं आहे. याचं उत्तर मला मनापासून द्यायचं आहे, कारण या कायद्याची ही बाजू आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

हिजरी 17 (इ.स. 638) च्या सुमारास इराकमधल्या बसऱ्यात काय घडलं ते इतिहासकारांनी तपशिलाने लिहिलं आहे. मुगीरा बिन शुबा हे शहराचे सुभेदार होते. त्यांच्या घरासमोर अबू बकरा यांचं घर, आणि दोन्ही माड्यांच्या खिडक्या समोरासमोर. वाऱ्याच्या झोताने खिडक्यांची झापं उघडली. आपली खिडकी लावायला उठलेल्या अबू बकरांना समोरच्या खोलीत मुगीरा एका स्त्रीबरोबर दिसले. त्यांनी घरात बसलेल्या तिघांना बोलावून ते दाखवलं. प्रकरण मदीनेला दुसरे खलिफा हजरत उमर यांच्याकडे गेलं. उमरनी मुगीरांच्या जागी अबू मूसा अशअरींना बसऱ्याला धाडलं आणि साक्षी घेतल्या. तिघांनी ठाम साक्ष दिली. चौथा, जियाद, म्हणाला की दृश्य वाईट होतं, श्वास चढलेले ऐकले, पण सुरम्याची सळई सुरमेदाणीत जावी तसं प्रत्यक्ष पाहिलं नाही. झालं, पुरावा कोसळला. मुगीरा सुटले आणि पहिल्या तिघांना व्यभिचाराचा आळ सिद्ध न करता आल्याबद्दल प्रत्येकी ऐंशी फटके बसले.

आता त्या खिडकीच्या जागी कॅमेरा ठेवून बघा. चौकट, कोन, अंतर, प्रकाश, कॅमेऱ्याच्या सगळ्या मर्यादा त्या खिडकीला होत्याच. आणि तीन जिवंत, प्रतिष्ठित माणसांनी छातीवर हात ठेवून सांगूनही जे भागलं नाही, ते एका चित्रफितीने कसं भागेल? उमर आणि प्रेषितांचे सहकारी अब्दुर्रहमान बिन औफ यांच्यातला एक संवाद हदीसचे संग्राहक बुखारींनी नोंदवला आहे. उमरनी विचारलं की तुम्ही शासक असताना एखाद्याला व्यभिचार किंवा चोरी करताना स्वतः पाहिलंत तर? उत्तर आलं की तरी तुमची साक्ष एका मुसलमानाचीच साक्ष. उमरनी मान डोलावली. खलिफाचे डोळे जिथे एका माणसाच्या डोळ्यांइतकेच, तिथे यंत्राचा डोळा त्याहून मोठा कसा होईल?

दुसरी गोष्ट उमरांचीच, मध्ययुगीन विद्वान इमाम गजालींनी सांगितलेली. रात्री मदीनेत फिरताना एका घरातून गाण्याचा आवाज आला. उमर भिंत चढून आत उतरले. आत एक माणूस, एक स्त्री आणि मद्य. उमर दरडावू लागले तेव्हा तो माणूस म्हणाला, मी अल्लाहची एक आज्ञा मोडली असेल, तुम्ही तीन मोडल्यात. हेरगिरी करू नका म्हटलंय, तुम्ही केलीत. घरात दारातून या म्हटलंय, तुम्ही भिंत चढलात. परवानगी घ्या, सलाम करा म्हटलंय, तुम्ही काहीच केलं नाहीत. उमरनी त्याला माफ केलं आणि ते निघून गेले.

खाजगी जागेतल्या लपवलेल्या कॅमेऱ्याबद्दल फिक्हला काय म्हणायचं आहे ते सगळं या एका प्रसंगात आलं. कुरआनातल्या सूरह हुजुरात या अध्यायातली हेरगिरीची मनाई ही शिष्टाचाराची बाब नाही, तिचा पुराव्यावर थेट परिणाम होतो. इराणने 2013 च्या इस्लामी दंडसंहितेत हे कलम करूनच टाकलं: 241 व्या कलमाप्रमाणे शीलासंबंधीच्या गुन्ह्यात कायदेशीर पुरावा नसेल आणि आरोपी नाकारत असेल, तर झाकलेलं उघड करण्यासाठी चौकशी करणंच मना आहे. रस्त्यावरचा, दुकानातला, बँकेतला कॅमेरा वेगळा. तिथे लोकांना कॅमेरा आहे हे ठाऊक असतं आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी तो असतो, त्याला कोणी हेरगिरी म्हणत नाही. तुमच्या प्रकरणातला कॅमेरा या दुसऱ्या जातीचा आहे, त्यामुळे खाजगीपणाचा बचाव इथे चालायचा नाही.

तिसरा मुद्दा प्रतिमेचा. चार जणांनी बसून फुटेज पाहिलं तर चार साक्षीदार झाले का, असं विद्यार्थी हमखास विचारतात. नाही झाले. ते प्रतिमेचे साक्षीदार, कृत्याचे नव्हेत. हनफी ग्रंथांत विवाहनिषेधाच्या एका प्रश्नात याचं फार सूक्ष्म विवेचन आहे: काचेतून पाहिलं तर प्रत्यक्ष पाहिलं असं धरायचं, पण आरशात पाहिलं तर नाही, कारण आरशात दिसते ती वस्तूची प्रतिकृती. आजचे फकीह कॅमेऱ्याचा विचार करताना या आरशाकडे वळतात. लिखित दस्तांच्या बाबतीत हीच शंका पूर्वी आली होती. अक्षराला अक्षर मिळतं, म्हणून नुसत्या लेखावर निकाल नको, असं जुने हनफी म्हणत. पण एकोणिसाव्या शतकात उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याने मेजेल्ले ही दिवाणी कायद्याची संहिता केली, तेव्हा 1736 व्या कलमात वाट काढली: नुसत्या लेखावर आणि शिक्क्यावर विसंबू नये, पण बनावटीच्या संशयापासून तो मुक्त असेल तर निकालाचा आधार होऊ शकतो. मला वाटतं फुटेजचाही रस्ता हाच आहे. फिक्हला तंत्रज्ञानाचं वावडं नाही, बनावटीची शंका आधी दूर करा एवढंच त्याचं म्हणणं आहे. डीपफेकच्या काळात ही शंका वाढलीच आहे.

या सगळ्याच्या विरुद्ध बाजूला इब्न कय्यिम हे चौदाव्या शतकातले दमास्कसचे हंबली मजहबाचे विद्वान आहेत आणि सौदीचे न्यायाधीश प्रामुख्याने हंबली परंपरेतले, म्हणून त्यांचं मत तुमच्यासाठी महत्त्वाचं. त्यांचं म्हणणं असं की बय्यिना (पुरावा) म्हणजे केवळ साक्षीदार नव्हेत. सत्य उघड करणारी कोणतीही गोष्ट म्हणजे बय्यिना. न्यायाधीशाने खुणा वाचायला शिकलं नाही तर तो लोकांचे हक्क बुडवील. कुरआनातच, मालकाच्या बायकोने आळ घेतला तेव्हा हजरत यूसुफ यांचा सदरा पाठीमागून फाटलेला दिसला आणि निरपराधित्व ठरलं, तिथे साक्षीदार कोण होता? तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्या काळात वलीद बिन उक्बाला मद्यपानाची हद्द लागली तेव्हा एकाने पिताना पाहिल्याचं सांगितलं, दुसऱ्याने फक्त ओकताना पाहिलं होतं. उस्मान म्हणाले, प्यायल्याशिवाय ओकला नसता. मीसुद्धा ताजीरच्या क्षेत्रात इब्न कय्यिम यांच्याच बाजूने आहे. दुकान लुटलं गेलेल्या माणसाला ‘साक्षीदार आण’ म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे. पण हात तोडणं, दगड मारणं या परत न फिरणाऱ्या शिक्षांत जुन्या बहुमताचीच बाजू मला पटते.

आधुनिक न्यायालयांत हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते बघायला पाकिस्तानसारखा दुसरा नमुना नाही, कारण तिथे हद्द, किसास आणि इंग्रजी धाटणीचा पुरावा कायदा एकाच छपराखाली नांदतात. 1979 च्या हुदूद (हद्दचं अनेकवचन) अध्यादेशाने चोरीला हात तोडण्याची हद्द आणली, 4.457 ग्रॅम सोन्याची किमान किंमत ठरवली. तरी आजवर एकाही माणसाचा हात प्रत्यक्ष तोडला गेलेला नाही. पुराव्याची अट इतकी कडक की प्रकरणं ताजीरमध्येच उतरतात. खुनाचंही तसंच. पाकिस्तान दंडसंहितेच्या 304 व्या कलमाप्रमाणे किसाससाठी कबुली हवी, नाहीतर ‘तजकिया’ झालेले, म्हणजे न्यायालयाने ज्यांच्या सचोटीची चौकशी केली आहे असे साक्षीदार हवेत. कॅमेऱ्याची सचोटी कोण तपासणार? म्हणून खून सिद्ध होतो तो 302 (ब) खाली, ताजीर म्हणून. तिथे मृत्युदंडही आहे आणि जन्मठेपही.

पाकिस्तानच्या पुरावा कायद्याचं, 1984 च्या कानून-ए-शहादतचं, 164 वं कलम म्हणतं की आधुनिक साधनांमुळे उपलब्ध झालेला पुरावा योग्य वाटल्यास न्यायालय दाखल करून घेऊ शकतं. अनेक वर्षं हे कलम नुसतं होतं. मग 2011 मध्ये कराचीच्या क्लिफ्टन भागातल्या बागेत रेंजर्स या निमलष्करी दलाच्या जवानांनी एका निःशस्त्र तरुणाला अगदी जवळून गोळ्या घातल्या आणि ते सगळं एका वृत्तवाहिनीच्या कॅमेऱ्यात आलं. तो हात जोडतोय, बंदुकीच्या नळीजवळ येऊन विनवतोय, गोळ्या लागल्यावर रक्तात पडून मदत मागतोय आणि भोवती उभी असलेली माणसं हलत नाहीत. ज्यांनी ते पाहिलं त्यांना ते विसरता आलेलं नाही. त्याच वर्षी दहशतवादविरोधी न्यायालयाने एकाला मृत्युदंड आणि इतरांना जन्मठेप दिली. वारसांनी माफी दिली होती. किसासच्या कायद्यात वारसांची माफी शिक्षा पालटवू शकते, पण दहशतवादाच्या कलमाखालच्या गुन्ह्यात ती लागू होत नाही, म्हणून शिक्षा 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली. पुढे 2018 मध्ये राष्ट्रपतींनी माफी दिल्याची बातमी आली. चित्रण कितीही बोलकं असलं तरी निकाल कोणत्या कलमाच्या वाटेने जातो, यावर सगळं अवलंबून राहिलं.

पाकिस्तानातल्याच कसूरच्या 2018 च्या खटल्यात सात वर्षांच्या मुलीला हात धरून नेणारा माणूस कॅमेऱ्यात होता, पण चेहरा धूसर. हजाराहून अधिक पुरुषांचे डीएनए नमुने तपासल्यावर माणूस सापडला. फुटेजने दिशा दिली, ओळख डीएनएने पटवली. आणि 2021 च्या इस्लामाबादच्या खुनात घराच्या कॅमेऱ्यात जीव वाचवायला वरून उडी टाकणारी, फाटकापाशी अडवलेली, पुन्हा आत ओढली गेलेली तरुणी दिसत होती. खोलीतला खून कोणी पाहिला नव्हता, कॅमेऱ्यानेही नाही. प्रयोगशाळेने चित्रणात फेरफार नसल्याचा अहवाल दिला आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुनाबद्दलचा मृत्युदंड कायम ठेवला. असं चित्रण स्वतःच ‘मूक साक्षीदार’ होऊ शकतं हे तत्त्व मान्य केलं. ही शिक्षाही ताजीरचीच.

या दोन खटल्यांच्या मधला 2019 चा एक निकाल पुरावा तपासणाऱ्याने पाठ करावा असा आहे. एका न्यायाधीशाच्या गुप्त चित्रफितीवरून उठलेल्या वादात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अटींची लांबलचक यादी दिली: फीत खरी असल्याचं सिद्ध व्हावं, न्यायवैद्यक अहवाल असावा, ती ज्याने घेतली तो न्यायालयात यावा, दिसणारी माणसं आणि आवाज ओळखणारा कोणी असावा, घेतल्यापासून दाखल होईपर्यंत ती कोणाकोणाच्या ताब्यात होती याचा माग असावा, आणि ती उशिरा दाखल केली असेल तर संशयाने पाहावी. साक्षीदाराच्या तजकियाला फिक्हमध्ये जी जागा, तीच इथे फितीच्या तपासणीला दिली आहे.

आपल्या जालन्याचं प्रकरण वकिलांना आठवत असेल. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर ठरायचं होतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम 65 ब चं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे आणि प्रमाणपत्रात हॅश मूल्यही (फाइलचा जणू डिजिटल अंगठा) द्यावं लागतं. म्हणजे फितीवर डोळे झाकून विश्वास आपलाही कायदा ठेवत नाही. फरक एवढाच की एकदा प्रमाणपत्र आलं की आपल्याकडे कुठलीही शिक्षा त्यावर उभी राहू शकते. इस्लामी कायद्यात बहुमताप्रमाणे हद्दीची शिक्षा तरीही त्यावर उभी राहत नाही.

इराणची वाट वेगळी आहे. तिथे ‘न्यायाधीशाचं ज्ञान’, म्हणजे त्याची स्वतःची खात्री, हाच स्वतंत्र पुरावा आहे आणि 211 व्या कलमाप्रमाणे ते ज्ञान उघड खुणांवर आधारलेलं असावं लागतं. त्या खुणांत चित्रण बसतं आणि त्यामुळे हद्दीचीही शिक्षा होऊ शकते. मला ही वाट धोक्याची वाटते. 2006 मध्ये तब्रीझच्या न्यायालयात पाचपैकी तीन न्यायाधीशांनी केवळ ‘ज्ञाना’च्या आधारावर एका स्त्रीला दगडांनी मारण्याची शिक्षा ठरवली होती. जगभरातून आवाज उठला आणि ती शिक्षा अमलात आली नाही. इंडोनेशियातल्या आचे प्रांताने 2013 च्या प्रक्रिया-कानूनमध्ये इलेक्ट्रॉनिक पुरावा नावानिशी मान्य केला आहे. सौदीचा 2021 चा पुरावा कायदाही डिजिटल पुराव्याला वेगळं प्रकरण देतो, पण तो दिवाणी आणि व्यापारी दाव्यांपुरता आहे. फौजदारीत तो थेट लागू आहे असं कोणी सांगितलं तर तसं नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. वकील मिळाला की त्याने सगळ्यात आधी मूळ डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) जप्त झाला आहे का, की मालकाने मोबाइलवर पडद्याचं चित्रण करून दिलंय, हे विचारावं. बहुतेक दुकानी यंत्रं काही आठवड्यांत जुनं चित्रण पुसून त्यावर नवं नोंदवतात. पुतण्याच्या बाजूचं काही त्यात असेल, म्हणजे मालक स्वतः किंवा दुसरा कोणी त्याच कोठारात गेल्याचं, तर ते आजच मागून सुरक्षित करायला हवं. उशीर झाला की ते जातं. यंत्राचं घड्याळ बरोबर होतं का ते तपासायला लावा. कारखान्यातून आलेल्या वेळेवरच वर्षानुवर्षं चालणारी यंत्रं मी पाहिली आहेत. पडद्यावर रात्रीचे अकरा दिसतात तेव्हा खरे आठ वाजलेले असतात आणि आठ वाजता पुतण्याची पाळी असेल तर कोठारात जाणं हे त्याचं कामच आहे. हालचाल झाली तरच नोंदवणाऱ्या यंत्रात मधले तुकडे गायब असतात. आत गेल्याचं आहे आणि बाहेर आल्याचं नाही, याला अर्थ नसतो. रात्रीच्या इन्फ्रारेड चित्रणात गडद कापड फिकट दिसू शकतं, तेव्हा कपड्यांवरून ओळख पटवली असेल तर तो मुद्दा जरूर मांडा.

सौदीच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात आरोपीला चौकशीतही आणि खटल्यातही वकिलाचा हक्क आहे, आणि अरबी न कळणाऱ्यासाठी न्यायालयात दुभाष्याची तरतूद आहे. हे मागावं लागतं. न मागता मिळेल असं धरून चालू नका. दम्माम हे रियाधच्या भारतीय दूतावासाच्या अखत्यारीत येतं, जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाच्या नाही; अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तर दिवस वाया जातात. परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा, पासपोर्टची आणि इकाम्याची (निवास परवान्याची) प्रत जोडा, आणि दूतावासाच्या अधिकाऱ्याने कोठडीत भेट घ्यावी अशी स्पष्ट मागणी करा. 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार तो हक्क आहे.

समझोत्याचा विचारही आत्ताच करा. तिथे प्रकरणाला दोन अंगं असतात: मालकाचा खाजगी हक्क आणि सरकारचा सार्वजनिक हक्क. रक्कम परत करून किंवा बोलणी करून मालकाने खाजगी हक्क सोडला की सार्वजनिक हक्काखालची शिक्षाही बहुधा हलकी होते. सफवान बिन उमय्या यांची चादर चोरीला गेली, त्यांनी चोराला प्रेषितांसमोर आणलं आणि शिक्षा ऐकल्यावर म्हणाले की चादर मी त्याला दिली. उत्तर आलं: माझ्याकडे आणण्याआधी का नाही दिलीस? माफी आणि समझोता जितके लवकर तितका त्यांचा परिणाम मोठा, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. मात्र समझोत्याच्या कागदात ‘चोरी केली’ असे शब्द येऊ देऊ नका; ‘हिशेबातली तूट भरून दिली’ एवढंच असावं, आणि सही करण्याआधी त्याचं हिंदी किंवा उर्दू भाषांतर पुतण्याला वाचून दाखवलं जावं.

आणि ते फुटेज तुमच्यापर्यंत कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलं असेल तर पुढे पाठवू नका, ‘बघा, यात काहीच दिसत नाही’ असं म्हणूनसुद्धा नाही. सौदीच्या 2007 च्या सायबर गुन्हे कायद्यात कॅमेऱ्याने दुसऱ्याच्या खाजगी जीवनात ढवळाढवळ केल्यास वर्षभरापर्यंतची कैद आणि पाच लाख रियालपर्यंतचा दंड आहे. आखातातल्या नातेवाइकाने ते गटात टाकलं तर एकाचे दोन खटले व्हायचे. तुमच्याकडे आलेली फाइल जशीच्या तशी, नाव न बदलता, न कापता ठेवा, कोणी आणि कधी पाठवली ते लिहून ठेवा आणि वकिलाला द्या. कबुलीच्या कागदाची प्रत मिळाली की ती मात्र आधी मला किंवा तिथल्या वकिलाला दाखवा; फुटेजच्या आधी तीच वाचायची आहे.